गिरगावच्या सोसायटीचा हिशेब आणि तीन कंपायलर

समजा, गिरगावातल्या ४८ फ्लॅटच्या एका सोसायटीसाठी सी भाषेत हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम लिहायचा आहे. ऑफिसात सेक्रेटरींच्या टेबलावर विंडोजचा पीसी आहे, खजिनदारांच्या घरी उबुंटू टाकलेला जुना लॅपटॉप आणि ऑडिटरकडे अ‍ॅपल सिलिकॉनचं मॅकबुक. प्रोग्रॅम तोच, डेटा फाइलही तीच. तिन्हीकडे तो बिल्ड झाला पाहिजे, म्हणजे कंपायलरने कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवला पाहिजे (विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, उबुंटू म्हणजे लिनक्सवर जीसीसी, मॅकवर क्लँग), आणि तिन्हीकडे ताळेबंद पैशापर्यंत जुळला पाहिजे. बिल्ड झाला नाही तर कंपायलर लगेच ओरडतो. ताळेबंद जुळला नाही तर ते कळतं थेट वार्षिक सर्वसाधारण सभेत. म्हणून या लेखात बिल्ड मोडणाऱ्या फरकांपेक्षा बिल्ड होऊनही चुकीचं उत्तर देणाऱ्या फरकांना जास्त जागा दिली आहे.

(मॅक्रो, फंक्शन आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची, अंडरस्कोर जिथे दाखवले आहेत तिथेच ठेवून.)

आधी चार प्रश्न वेगळे करा

पोर्टेबल कोड बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच घोटाळ्यामुळे: प्रश्न एक असतो आणि विचारला जातो दुसराच. कंपायलर कोणता, सी लायब्ररी कोणती, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती आणि प्रोसेसर कोणता, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. "विंडोज आहे म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर" असं गृहीत धरलेला कोड मिनजीडब्ल्यूवर पहिल्याच मिनिटाला अडकतो, कारण तिथे सिस्टिम विंडोज, कंपायलर जीसीसी आणि लायब्ररी मायक्रोसॉफ्टची असते. शिवाय ती लायब्ररीसुद्धा दोन प्रकारची, जुनी एमएसव्हीसीआरटी किंवा नवी यूसीआरटी. मॅकवर टर्मिनलमध्ये जीसीसी असं टाइप केलं तरी धावतो तो अ‍ॅपलचा क्लँगच.

मग कोडमध्ये प्रत्येक `#इफ` (अट पाहून कोडचा भाग घेणारी किंवा वगळणारी ओळ) लिहिताना स्वतःला विचारायचं: हा फरक या चारांपैकी कुणामुळे आहे? फाइलचा पाथ सिस्टिममुळे बदलतो, तिथे `_विन३२` तपासा. (६४ बिट विंडोजवरही हाच मॅक्रो असतो. अंडरस्कोर नसलेला `विन३२` मात्र प्रोजेक्टच्या सेटिंगमधून येतो, त्याच्या भरवशावर राहू नका.) अ‍ॅट्रिब्यूटची लिहिण्याची पद्धत कंपायलरमुळे बदलते, तिथे कंपायलरचा मॅक्रो. `चार` चिन्हासहित की बिनचिन्हाचा हे प्रोसेसर आणि सिस्टिम मिळून ठरवतात: इंटेलवर चिन्हासहित, एआरएम लिनक्सवर बिनचिन्हाचा, पण अ‍ॅपलच्या एआरएमवर पुन्हा चिन्हासहित. इथे तर तपासूच नका. कोड असा लिहा की दोन्हीकडे चालेल.

कंपायलरला आधी बांधून ठेवा

भाषेची आवृत्ती ठरवल्याशिवाय एकही ओळ लिहू नका. जीसीसीची डीफॉल्ट आवृत्ती सरकत राहते. जीसीसी ८ पासून ती सी१७ च्या जीएनयू रूपाची होती, जीसीसी १५ मध्ये ती सी२३ ची झाली. सी२३ मध्ये `बूल`, `ट्रू`, `फॉल्स` हे राखीव शब्द आहेत, त्यामुळे "टाइपडेफ इंट बूल" असलेला जुना कोड काल चालत होता आणि आज चालत नाही. रिकाम्या कंसाचा अर्थही बदलला: `फंक्शन()` म्हणजे आता "आर्ग्युमेंट नाहीत", आधीसारखं "काहीही चालेल" नाही.

तीन डेस्कटॉपसाठी सी११ हा व्यवहारी मध्य आहे. जीसीसी आणि क्लँगला `-एसटीडी=सी११` द्यायचं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला `/एसटीडी:सी११`. हा दुसरा पर्याय व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.८ आवृत्तीपासून आहे. तो न देता `__एसटीडीसी_व्हर्जन__` तपासलात, तर मायक्रोसॉफ्टकडे तो मॅक्रो मुळात नसतोच आणि तुमचा कोड स्वतःला सी८९ च्या काळात समजतो. सीमेक (तिन्हीकडचं बिल्ड जुळवून देणारं साधन) वापरत असाल तर `सी_स्टँडर्ड ११`, `सी_स्टँडर्ड_रिक्वायर्ड ऑन` आणि `सी_एक्स्टेन्शन्स ऑफ`.

एक्स्टेन्शन (मानकाबाहेरच्या जादा सोयी) बंद केल्यावर लिनक्सवर एक गोष्ट हमखास घडते: `एसटीआरडप` (मजकुराची प्रत करून देणारं फंक्शन) नाहीसं होतं. ते पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाचं), सी११ चं नाही, म्हणून ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) त्याची घोषणा लपवते. जुना जीसीसी अशा वेळी नुसता इशारा देऊन "हे `इंट` परत देत असणार" असं धरून पुढे जायचा. ६४ बिटचा पॉइंटर ३२ बिटांत कापला जायचा आणि प्रोग्रॅम कोसळायचा कुठेतरी भलतीकडेच. जीसीसी १४ आणि क्लँग १६ पासून ही थेट चूक धरली जाते. मायक्रोसॉफ्टकडे मात्र अजून तो सी४०१३ नावाचा इशाराच आहे, त्याला `/डब्ल्यूई४०१३` देऊन चूक बनवा. इलाज दोनच: पहिल्या इन्क्लूडच्याही आधी `_पॉझिक्स_सी_सोर्स` २००८०९एल ठेवा, नाहीतर `एसटीआरडप` स्वतः पाच ओळींत लिहा. आम्ही दुसरा सुचवू. मॅकवर पॉझिक्सचा मॅक्रो ठेवला की अ‍ॅपलची स्वतःची फंक्शनं लपतात आणि मग `_डार्विन_सी_सोर्स` आणावा लागतो. पाच ओळी लिहिणं स्वस्त पडतं.

इशाऱ्यांसाठी जीसीसी आणि क्लँगवर `-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -डब्ल्यूकन्व्हर्शन`, मायक्रोसॉफ्टवर `/डब्ल्यू४`. तिथे `/डब्ल्यूऑल` देऊ नका. नाव सारखं असलं तरी ते सिस्टिमच्या हेडरवरही शेकडो इशारे ओकतं, आणि क्लँग-सीएल (मायक्रोसॉफ्टचे पर्याय समजणारं क्लँगचं रूप) तर त्याचा अर्थ "जेवढे इशारे आहेत तेवढे सगळे" असा घेतो. इशाऱ्यांना चूक ठरवणारा पर्याय फक्त स्वतःच्या बिल्डमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीचा कंपायलर नवा इशारा शोधेल आणि कोड उतरवून घेणाऱ्याचं बिल्ड विनाकारण मोडेल.

फरकांसाठी एकच हेडर

सगळे `#इफ` एका हेडरमध्ये कोंडा, त्याला पोर्ट.एच म्हणू. बाकीच्या फाइलींत कंपायलरचं नाव दिसता कामा नये. कंपायलर ओळखण्याचा क्रम पाळावा लागतो: आधी `__क्लँग__`, मग `__जीएनयूसी__`, शेवटी `_एमएससी_व्हर`. कारण क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो, आणि क्लँग-सीएल `_एमएससी_व्हर`सुद्धा ठेवतो. जीसीसी आधी तपासला तर क्लँग कायम २००७ सालचा जीसीसी समजला जातो. `_एमएससी_व्हर` १९०० म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१५, १९१० पासून २०१७, १९२० पासून २०१९, १९३० पासून २०२२. २०१५ च्या आधीच्या आवृत्त्यांना आधार देऊ नका. `#एरर` लिहून मोकळं व्हा.

आवृत्तीच्या आकड्यांपेक्षा सोय आहे का हे विचारणं कधीही बरं. अ‍ॅपलच्या क्लँगचे आवृत्ती क्रमांक मूळ क्लँगपेक्षा वेगळे चालतात, त्यामुळे "क्लँग १५ असेल तर" ही अट मॅकवर निरर्थक ठरते. त्याऐवजी `__हॅज_अ‍ॅट्रिब्यूट`, `__हॅज_बिल्टइन`, `__हॅज_इन्क्लूड`. इथे एक सापळा आहे. "हा मॅक्रो आहे का, आणि त्याचं उत्तर होय आहे का" असे दोन्ही प्रश्न `&&` लावून एकाच ओळीत लिहिले, तर तो मॅक्रो नसलेला कंपायलर ओळीचा उरलेला भागही वाचायला जातो आणि कंसाशी अडखळतो. बाहेर `#इफडेफ`, आत `#इफ`, असं दोन मजल्यांतच लिहायचं. मायक्रोसॉफ्टकडे पहिले दोन मुळातच नाहीत, तिसरा २०१७ च्या १५.३ पासून आहे.

या हेडरमध्ये आणखी थोडंच लागतं: `एसएसाइझ_टी` (मायक्रोसॉफ्टकडे नाही), `एसटीआरकेसकंप` आणि `_एसटीआरआयकंप` यांना एक सामाईक नाव, डीएलएलसाठी एक्सपोर्टचा मॅक्रो, आणि विंडोज.एच घेण्याआधी `नोमिनमॅक्स` व `विन३२_लीन_अँड_मीन`. विंडोज.एच `निअर` आणि `फार` हेही मॅक्रो म्हणून अडवून बसतं. त्या नावाची व्हेरिएबल असतील तर येणारा एरर अर्थहीन दिसतो.

कॉर्पस फंड आणि `लाँग`

६४ बिट लिनक्स आणि मॅकवर `लाँग` ८ बाइटचा असतो. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचाच राहिला आहे, आणि कंपायलर मिनजीडब्ल्यूचा घेतला तरी यात फरक पडत नाही. हिशेब पैशांत ठेवायचा (ठेवावाच, रुपयांचा `डबल` करू नये), तर ४ बाइटमध्ये कमाल मावतात २,१४,७४,८३,६४७ पैसे. म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मासिक देखभालीला हे भरपूर आहे आणि त्यामुळेच चूक लपून राहते. पुनर्विकासानंतर बिल्डरने फ्लॅटमागे ५ लाख कॉर्पस दिला की ४८ फ्लॅटचे होतात २ कोटी ४० लाख. तो आकडा ३२ बिटांच्या `लाँग`मध्ये टाकला की विंडोजवर दिसतं उणे १ कोटी ८९ लाख ४९ हजार ६७२ रुपये ९६ पैसे. खजिनदारांच्या लिनक्सवर तोच प्रोग्रॅम बरोबर उत्तर देतो, म्हणून दोष जातो डेटा एंट्रीवर.

उपाय: डेटाला स्पर्श करणाऱ्या कुठल्याही जागी `लाँग` नको. स्टडइंट.एच मधले `इंट६४_टी`, `इंट३२_टी` वापरा. स्थिरांकही तपासा: ५०००००० × १०० हे गणित दोन्ही बाजू `इंट` असल्याने `इंट`मध्येच होतं, डावीकडचं व्हेरिएबल मोठं असून उपयोग नाही. इथले ५० कोटी मावतात, पण पाचाच्या जागी पंचवीस आले की मावत नाहीत. एका बाजूला `इंट६४_सी( )` लावा.

छापतानाही तीच गोष्ट. `%एलडी` एका सिस्टिमवर बरोबर, दुसरीवर चूक. इंटटाइप्स.एच मधला `पीआरआयडी६४` वापरा. जुन्या एमएसव्हीसीआरटीला जोडलेल्या मिनजीडब्ल्यूवर `%एलएलडी` आणि `%झेडयू` यांचा भरवसा नसतो, तिथे `__यूज_मिनजीडब्ल्यू_एएनएसआय_स्टडआयओ` १ ठेवा. किंवा सरळ एमएसवायएस२ (मिनजीडब्ल्यू पुरवणारा संच) मधलं यूसीआरटी६४ वातावरण घ्या म्हणजे हा विषयच संपतो.

तारखांचं दुखणं याच कुळातलं. विंडोजवर `टाइम_टी` ६४ बिटचा आहे, पण कुणी तो `लाँग`मध्ये साठवला की १९ जानेवारी २०३८ च्या पुढची तारीख फसते. जमिनीच्या ३० वर्षांच्या लीजची तारीख नोंदवणाऱ्या सोसायटीला ही चूक आजच गाठते.

डेटा फाइल: दहा आणि सव्वीस नंबरचे फ्लॅट

विंडोजवर `एफओपन`ला नुसतं "डब्ल्यू" दिलं की फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडते. बायनरी रेकॉर्ड लिहिताना १० हा बाइट आला, की लायब्ररी त्याच्या आधी १३ घुसवते. म्हणजे दहा नंबरच्या फ्लॅटपाशी फाइल एका बाइटने पुढे सरकते. विंडोजवरच परत वाचली तर तो १३ गळून पडतो आणि सगळं ठीक दिसतं. मॅकवर वाचली की दहाव्या फ्लॅटनंतरचे सगळे आकडे कचरा. वाचताना आणखी एक गंमत: टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट, म्हणजे डॉसच्या जमान्यातला कंट्रोल-झेड, फाइलचा शेवट मानला जातो. सव्वीस नंबरच्या फ्लॅटपुढची सोसायटी नाहीशी होते. नेहमी "आरबी" आणि "डब्ल्यूबी". लिनक्स-मॅकवर `बी`चा काही परिणाम नाही, ठेवायला हरकत नाही.

दुसरी चूक आख्खं स्ट्रक्चर `एफराइट`ने फेकण्याची. विंगसाठी एक `चार`, रकमेसाठी `इंट६४_टी` आणि फ्लॅटसाठी `इंट३२_टी` अशा क्रमाचं स्ट्रक्चर घ्या. खरा डेटा १३ बाइटचा. तिन्ही ६४ बिट सिस्टिमवर ते २४ बाइटचं होतं, ३२ बिट लिनक्सवर १६ चं, ३२ बिट विंडोजवर पुन्हा २४. `#प्रॅग्मा पॅक` तिन्ही कंपायलर समजतात, पण त्याने फक्त पॅडिंग (फील्डांमधली रिकामी भर) सुटतं. बिटफील्डची (मोजक्या बिटांच्या फील्डची) मांडणी मायक्रोसॉफ्ट आणि जीसीसी वेगळी करतात, विशेषतः शेजारच्या फील्डचे टाइप वेगळे असतील तेव्हा.

म्हणून रेकॉर्ड बाइट-बाइटने लिहा. १३ बाइटचा `अनसाइन्ड चार` बफर. पहिला बाइट विंग. पुढचे आठ रक्कम: ती `यूइंट६४_टी`मध्ये घ्यायची, ०, ८, १६ असं ५६ पर्यंत उजवीकडे सरकवत प्रत्येक वेळी खालचे ८ बिट ठेवायचे. शेवटचे चार फ्लॅट. वाचताना उलट, आणि सरकवण्याआधी प्रत्येक बाइट `यूइंट६४_टी`मध्ये रूपांतरित करायचा, नाहीतर सरकवणं `इंट`मध्ये होतं. यात प्रोसेसरच्या बाइटक्रमाचा प्रश्नच उरत नाही. बफरच्या पत्त्याला `इंट६४_टी *` म्हणून थेट वाचण्याचा मोह टाळा. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ते खपवून घेतो, पण जीसीसी आणि क्लँग `-ओ२` वर वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत असं मानून ऑप्टिमाइझ करतात. पत्ता ८ च्या पटीत नसतो ही आणखी वेगळी अडचण. नाइलाज असेल तर `मेमसीपीवाय`.

सभासदांची नावं देवनागरीत

इथे इंग्रजीतल्या मार्गदर्शकांचा फारसा उपयोग होत नाही. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत मांडण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट २२४. `चार` चिन्हासहित असेल तिथे तो उणे ३२ होतो. तो तसाच `इसअल्फा` किंवा `इसस्पेस`ला दिला तर सीच्या नियमाप्रमाणे वागणूक अनिश्चित. ग्लिबसीचा तक्ता उणे १२८ पासून सुरू होत असल्यामुळे लिनक्सवर काहीच बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत मात्र पहिल्याच सभासदाच्या नावावर असर्शनची (चूक सापडल्याचं सांगणारी) खिडकी उघडते. या सगळ्या फंक्शनांना देण्याआधी `(अनसाइन्ड चार)` लावायचंच.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला `/यूटीएफ-८` द्या. बीओएम (यूटीएफ-८ असल्याची फाइलच्या सुरुवातीची खूण) नसलेली फाइल तो एरवी सिस्टिमच्या कोडपेजात (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) वाचतो. `डब्ल्यूचार_टी` विंडोजवर २ बाइटचा, बाकी दोन्हीकडे ४ चा, म्हणून आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा आणि विंडोजच्या दारापाशीच रूपांतर करा: `मल्टीबाइटटूवाइडचार`, मग `_डब्ल्यूएफओपन`. साधा `एफओपन` "हिशेब.डॅट" हे नाव जुन्या कोडपेजात समजून घेतो आणि फाइल सापडत नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) यूटीएफ-८ कोडपेज जाहीर करता येतं. सोसायटीतले पीसी तेवढे नवे असतील तर हाच सोपा रस्ता.

नावासाठी ३२ बाइटची जागा ठेवली तर `एसएनप्रिंटएफ` ३१ बाइट भरतो. दहा चिन्हं पूर्ण बसतात, अकराव्याचा एक बाइट लटकत राहतो आणि ऑडिटरच्या स्क्रीनवर नावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. कापल्यावर मागे येत अर्धवट चिन्ह काढून टाका: १२८ ते १९१ मधले बाइट हे मधले बाइट, त्यांच्या मागचा पहिला. खरं तर ९६ बाइट ठेवा, जागा एवढी महाग नाही.

आणि "कऱ्हाडे". यातला ऱ एका कोड पॉइंटचाही (युनिकोडमधल्या एका क्रमांकाचाही) असू शकतो, आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोनचाही. दिसायला सारखेच, `एसटीआरकंप`ला वेगळे. मॅकची जुनी एचएफएस+ फाइल सिस्टिम फाइलींची नावं फोडलेल्या रूपात साठवायची, तिथून आलेल्या नावांत हे सापडतं. नाव आत घेतानाच र आणि नुक्ता यांची जोडी ऱ मध्ये बदलून टाका.

उरलेले फरक, थोडक्यात

व्हीएलए, म्हणजे चालू असताना ठरणाऱ्या लांबीचे ॲरे, मायक्रोसॉफ्टकडे नाहीत. `मॅलॉक` करा. स्टॅकवर मोठे ॲरेही नकोत, विंडोजवर डीफॉल्ट स्टॅक १ एमबी असतो, लिनक्सवर सहसा ८. `लाँग डबल` मायक्रोसॉफ्टवर आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर `डबल`इतकाच. `जीएमटाइम_आर` आणि मायक्रोसॉफ्टचं `जीएमटाइम_एस` यांच्या आर्ग्युमेंटचा क्रम उलटा आहे. `इनलाइन` एकटा नको, `स्टॅटिक इनलाइन`. हेडरच्या नावातली कॅपिटल अक्षरं विंडोज-मॅकवर खपतात, लिनक्सवर नाहीत.

एकाच कॉलमध्ये दोनदा फाइल वाचू नका. `नोंद(वाचा(फ), वाचा(फ))` यात आधी कोणतं वाचन होईल हे सी सांगत नाही. क्लँग डावीकडून जातो, जीसीसी बरेचदा उजवीकडून, आणि नावे-जमा उलटे होतात. `क्यूसॉर्ट`ही समान नोंदींचा क्रम जपेल याची हमी नाही. एकाच आडनावाच्या तीन सभासदांची यादी तीन मशीनवर तीन क्रमांनी येऊ शकते, तुलना करताना शेवटी फ्लॅट क्रमांक पाहा.

तपासणी

किमान चार बिल्ड ठेवा: लिनक्सवर जीसीसी, मॅकवर क्लँग, विंडोजवर मायक्रोसॉफ्ट आणि विंडोजवरच मिनजीडब्ल्यू. चौथा बिल्ड चैनीचा वाटतो, पण सिस्टिम आणि कंपायलर यांची गल्लत पकडतो तो हाच. घरी मॅक नसेल तर गिटहब अ‍ॅक्शन्सवर तिन्ही सिस्टिम मिळतात. लिनक्सवर एकदा `-एम३२` ने आणि एकदा `-एफअनसाइन्ड-चार` ने बांधून चाचण्या चालवा. इथेच, अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड असे दोन्ही सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या आणि अनिश्चित वागणुकीच्या चुका पकडणारे पर्याय) लावून, अर्ध्या चुका सापडतात.

मग नमुना सोसायटी तयार करा: ४८ फ्लॅट, त्यात दहा आणि सव्वीस नंबर असायलाच हवेत, २ कोटी ४० लाखांचा कॉर्पस, २०३८ नंतरची एक तारीख, एक कऱ्हाडे, एक दहा चिन्हांपेक्षा लांब नाव. चारही बिल्डकडून फाइल लिहून घ्या आणि हॅश (फाइलच्या सगळ्या बाइटांवरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळवा. जुळला नाही तर पहिला फरक कितव्या बाइटला आहे ते शोधा. तिथे जास्तीचा १३ दिसला तर टेक्स्ट मोड, खऱ्या डेटाच्या मध्ये भलते बाइट दिसले तर स्ट्रक्चर थेट लिहिलं गेलंय, रकमेच्या वरच्या चार बाइटांत २५५ भरले असतील तर कुठेतरी `लाँग` राहिला आहे, आणि सगळे बाइट तेच असून ओळी मागेपुढे असतील तर `क्यूसॉर्ट`ची तुलना अपुरी आहे.